हजेरी आणि जबाब

हजर आणि जबाबदार हे दोन्ही शब्द आपल्याकडे कचेरीच्या वाटेने आले. मुळात अरबी, फारसीतून उतरलेले आणि दप्तराच्या भाषेत रुळलेले. हजर म्हणजे समोर असलेला. जबाबदार म्हणजे ज्याच्यापाशी जबाब आहे तो, विचारले असता ज्याला उत्तर देणे भाग आहे तो. कचेरीत या दोहोंचा क्रम ठरलेला होता. आधी हजर व्हायचे, मग जबाब द्यायचा. चार कोस चालून हजर झालेल्या माणसाला कोणी काही विचारलेच नाही, नुसती ‘आला’ अशी खूण करून परत पाठवले, तर मग मला बोलावले तरी कशाला, असे कोणताही खेडूत म्हणाला असता. आपल्या विद्यापीठांतून गेली कित्येक वर्षे नेमके हेच चालू आहे, आणि त्यालाच आपण तरुणांच्या अंगी जबाबदारी बाणवणे असे म्हणतो.

या विषयावर लिहिण्याचा तुम्हाला अधिकार काय, असे कोणी मला विचारील. विचारावे. मी मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. त्यानंतर चित्रकला शिक्षकाचा अभ्यासक्रम केला आणि तालुक्याच्या गावी एका शाळेत वीसएक वर्षे मुलांना रंगात पाणी किती घालावे ते सांगतो आहे. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. महाविद्यालयाच्या बाकावर विद्यार्थी म्हणून बसण्याचा योग आला नाही. पण हजेरी घेणे हा माझा रोजचा उद्योग आहे, आणि त्या एका बाबतीत मी कोणत्याही प्राचार्याच्या बरोबरीने बोलू शकेन असे मला वाटते.

प्रार्थना संपली की मी हजेरीपट उघडतो आणि एकेकाचे नाव घेतो. नावच घेतो, क्रमांक पुकारीत नाही. कोणी ‘हजर’ म्हणतो, कोणी ‘यस सर’, एखादा शेजाऱ्याशी भांडण्यात गुंतलेला असला की दोनदा हाक मारावी लागते. दिवाळी झाली की माझ्या पटातल्या काही ओळी रिकाम्या पडू लागतात. आमच्या भागातली कितीएक बिऱ्हाडे ऊसतोडीला निघून जातात, आणि बिऱ्हाडाबरोबर पोरेही. त्या रिकाम्या चौकटी मला काही सांगत असतात. गाडी कधी निघाली, धाकटीला सांभाळायला मोठीला नेली का, म्हातारी मागे राहिली असली तर निदान एकाला तिच्याजवळ ठेवता येईल का, हे सारे विचारण्याची सुरुवात त्या चौकटीपासून होते. तीन दिवस लागोपाठ कोणी आला नाही तर मी त्याच्या गल्लीतल्या पोराला विचारतो, आणि सायंकाळी सायकल त्या बाजूला वळवतो. अकरा वर्षांचे मूल आपण होऊन शाळेत येत नाही. त्याला आणावे लागते, आणि आले नाही तर कोणीतरी हाक मारावी लागते. हजेरी ही ती हाक आहे.

तेव्हा हजेरीशी माझे वैर नाही. माझे भांडण आहे ते टक्क्यांशी.

मुंबई विद्यापीठाचा ६०८६ क्रमांकाचा अध्यादेश ७५ टक्के हजेरी मागतो. वकिलीचे शिक्षण ज्यांच्या देखरेखीखाली चालते त्या बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००८ साली केलेल्या नियमांत ७० टक्क्यांची अट घातली. आकडे थोडेफार इकडचे तिकडे, तत्त्व एकच. इतके भरले तर परीक्षेला बसता येईल, न भरले तर नाही. आता ७५ टक्के म्हणजे काय? चार तासांपैकी तीन. कोणते तीन, याची पंचाईत कोणालाच नाही. चौथ्या तासाला तू कुठे होतास हे कोणी विचारीत नाही. आणि त्या तीन तासांना वर्गात होतास तेव्हा तरी कुठे होतास, हेही कोणी विचारीत नाही. चौथा तास ही जणू नियमानेच दिलेली सूट. माझे जुने विद्यार्थी रस्त्यात भेटतात तेव्हा सहज सांगून जातात, “सर, अजून सहा तास बुडवता येतात.” शिल्लक रजा मोजणाऱ्या कारकुनाचा तो सूर असतो. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मुलाला निवृत्तीजवळ आलेल्या माणसाचा सूर यावा, हे काही शिक्षणाचे लक्षण नव्हे.

ही रीत आपण कोठून आणली? १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे निघाली ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. विद्यापीठाने परीक्षा घ्यावी आणि पदवी द्यावी, शिकवण्याचे काम महाविद्यालयांनी करावे. मौज अशी की त्या लंडन विद्यापीठाने दुसऱ्याच वर्षी, १८५८ साली, आपल्या परीक्षा बाहेरून बसणाऱ्यांनाही खुल्या केल्या. कोठे शिकलास हे विचारायचे नाही, येते का एवढेच पाहायचे. आपल्याकडे मात्र ‘टर्म भरणे’ पक्के रुजले. जुन्या पिढीच्या बोलण्यात ‘त्याची टर्म गेली’ हे शब्द ‘त्याचे पीक गेले’ अशा सुरात येत.

टर्म भरणे म्हणजे काय होऊ शकते याचा एक नमुना गांधीजींच्या आत्मकथेत आहे. १८८८ साली ते बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस गेले. तेथे परीक्षा होत्याच, पण बारा टर्मही भरावयाच्या होत्या. आणि टर्म भरणे याचा अर्थ व्याख्यानांना बसणे असा नसून जेवणे असा होता. एका टर्ममध्ये सुमारे चोवीस भोजने होत, त्यांपैकी निदान सहांना हजर राहिले की टर्म भरली. तोंडात घास घातलाच पाहिजे असेही नाही. ठरल्या वेळी यावे आणि भोजन आटोपेपर्यंत बसावे. चौघांच्या गटाला मद्याच्या दोन बाटल्या मिळत. गांधीजी पीत नसत, म्हणून त्यांनी आपल्या गटात बसावे यासाठी इतरांची ओढाताण चाले, कारण मग दोन बाटल्या तिघांतच वाटल्या जात. जेवणाने बॅरिस्टर कसा तयार होतो हे कोडे गांधीजींनाही पडले होते, आणि त्याचा उलगडा त्यांनीच दिला आहे. पूर्वी विद्यार्थी थोडे असत. मुरलेले वकील त्यांच्याबरोबर भोजनाला बसत, बोलणे होई, त्या बोलण्यातून तरुणाला जगाची रीत कळे आणि चार माणसांत कसे बोलावे तेही कळे. पुढे वडीलधाऱ्यांचे टेबल निराळे झाले. बोलणे गेले, जेवण तेवढे उरले.

आपल्या हजेरीच्या नियमाचे सबंध चरित्रच मला या हकिकतीत दिसते. कोणे एके काळी वर्गात बसण्यावाचून विद्या मिळण्याची दुसरी सोयच नव्हती. पुस्तके महाग, ग्रंथालये थोडी. गुरूच्या तोंडूनच ऐकावे लागे. आज तीच टिपणे छापील मिळतात, भ्रमणध्वनीवर मिळतात, कधी कधी वर्गात मिळतात त्याहून चांगली मिळतात. मग वर्गात यायचे ते कशासाठी? समोरासमोर बसून बोलण्यासाठी. आपल्याला न कळलेले चारचौघांत कबूल करण्यासाठी. आपल्यासारखेच न कळलेले आणखी पाचजण आहेत हे पाहण्यासाठी. एवढेच एक कारण उरते, आणि माझ्या मते ते पुरेसे मोठे आहे. पण नियम त्या कारणाकडे पाहत नाही. तो टेबलाशी बसलेल्यांची डोकी मोजतो.

मध्यंतरी एका महाविद्यालयाने मला वाङ्मय मंडळाच्या उद्घाटनाला बोलावले. सभागृह गच्च भरलेले. भरलेले सभागृह पाहून लेखकाला जे होते ते मलाही झाले. मनात योजलेला विषय जरा वाढवून सांगावा असे वाटू लागले. बोलता बोलता माझ्या ध्यानात आले की समोरच्या रांगांतून एक कागद फिरतो आहे. कागद ज्या बाकावर पोहोचे त्या बाकावरची डोकी खाली वाकत, पेन या हातातून त्या हातात जाई, आणि कागद पुढे सरकला की ती रांग हळूहळू पुन्हा माझ्याकडे पाहू लागे. मी कादंबरीकार असल्यामुळे मला तो कागदच जास्त रंजक वाटू लागला. एका मुलाने तीन वेळा सही केली. तीही तीन तऱ्हेच्या अक्षरांत, अगदी मन लावून. त्याच्या मित्रांची त्याने घेतलेली ती काळजी पाहून मला त्याच्याविषयी आदरच वाटला. व्याख्यान संपल्यावर आभार मानताना प्राध्यापक म्हणाले की विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. त्यांचाही त्यात दोष नव्हता. आभाराचे वाक्य तसेच असते. पण परतीच्या एस.टी.त मी विचार करीत होतो, की सक्ती नसती आणि पंचवीसच मुले आली असती तर मी त्यांच्याशी निराळे बोललो असतो. सक्तीने भरलेल्या सभागृहात वक्त्याचीही जबाबदारी संपते. कंटाळा आला तर तो उठून जाऊ शकतो, ही धास्ती ज्याला नाही तो मास्तर फार लवकर बिघडतो. आम्हा शाळामास्तरांना हे चांगले ठाऊक आहे, कारण आमची मुले उठून जाऊ शकत नाहीत. म्हणूनच आमच्यातले निम्मे वाईट शिकवतात.

माझा एक जुना विद्यार्थी वाणिज्य शाखेत शिकतो. पहाटे दूध गोळा करतो आणि रात्री पेट्रोल पंपावर असतो. मधल्या वेळात महाविद्यालय. पहिला तास सातला. तो त्याला कधी मिळाला नाही. वर्षअखेर नाव फलकावर लागले, आणि सर्वांनी त्याला सर्वांना ठाऊक असलेला मार्ग सांगितला. त्याने डॉक्टरचा दाखला आणला. मला भेटला तेव्हा हसत म्हणाला, “सर, दोन वर्षांत मला एकदा सर्दीसुद्धा झाली नाही, पण कागदावर एकदा कावीळ झाली आणि एकदा टायफॉईड.” मी हसलो, पण ते हसू फार वेळ टिकले नाही. त्या दाखल्याचा मार्ग आपण जरा नीट पाहिला पाहिजे. मुलाला ठाऊक आहे की आपण आजारी नव्हतो. डॉक्टरला ठाऊक आहे. दाखला घेणाऱ्या कारकुनाला आणि त्यावर सही करणाऱ्या प्राचार्यांनाही ठाऊक आहे. वडिलांनी तर पैसे दिलेले. इतकी मोठी माणसे एका मुलाच्या खोट्याभोवती शांतपणे उभी राहतात आणि कोणालाही वाईट वाटत नाही. वस्तुतः त्या मुलापाशी खरा जबाब होता, आणि तो अभिमानाने सांगण्यासारखा होता: मी काम करीत होतो. पण त्या जबाबासाठी अर्जात रकाना नव्हता. काविळीसाठी होता.

ज्यांनी अशा मुलांचा खरोखर विचार केला त्यांनी काय केले हे आपल्याच इतिहासात आहे. डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून सकाळचे तास ठेवले. दिवसा कचेरीत असलेल्या मुलाला त्यांनी गैरहजर धरले नाही; त्याच्यासाठी घड्याळ हलवले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ असे म्हटले तेव्हा कमावणे ही शिकण्याच्या आड येणारी गोष्ट न मानता शिकण्याचाच भाग मानली. हे दोघेही शिस्तीचे भोक्ते होते. त्यांना कोणी मुलांना मोकाट सोडणारे म्हणणार नाही.

सक्तीविरुद्ध बोलणारे एक युक्तिवाद नेहमी करतात. १९८९ पासून आपल्याकडे अठराव्या वर्षी मत देता येते. ज्याने सरकार निवडायचे त्याने तास निवडू नये काय? हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. सज्ञान माणसाला कोणी विचारीत नाही, असे त्यात गृहीत धरलेले आहे. माझा अनुभव उलटा आहे. माणूस सज्ञान झाला की त्याला विचारणारे वाढतात. बायको विचारते, सावकार विचारतो, पोर विचारते. लहान मुलाची गैरहजेरी त्याच्या बापाने भरून द्यायची असते. मोठ्याची त्याने स्वतः. आणि दुसरे असे, की गैरहजर राहणे हे केवळ आपल्या एकट्याचे काम आहे, त्यात दुसऱ्या कोणाचे काही जात नाही, हेही खरे नाही.

आइन्स्टाइनचे उदाहरण सक्तीविरोधकांच्या फार आवडीचे आहे. झुरिचच्या पॉलिटेक्निकमध्ये १८९६ ते १९०० या काळात शिकत असताना तो पुष्कळ व्याख्यानांना जात नसे, घरी आपल्या मनाचे वाचीत बसे. हे खरे. पण परीक्षा जवळ आली की तो काय करी? मार्सेल ग्रोसमान नावाचा त्याचा वर्गमित्र प्रत्येक व्याख्यानाला जाई आणि नेटकी टिपणे काढी. ती टिपणे आइन्स्टाइन वाची. म्हणजे जगातल्या त्या सुप्रसिद्ध गैरहजेरीमागे एका अप्रसिद्ध माणसाची हजेरी उभी होती. ग्रोसमानला सक्ती करावी लागली असेल असे वाटत नाही. तो येत होता, ऐकत होता, लिहीत होता, आणि लिहिलेले मित्राला देत होता. पुढे पदवीनंतर आइन्स्टाइनला त्या संस्थेत साहाय्यकाची जागा कोणी दिली नाही. ज्यांच्या तासांना तो गेला नाही त्यांच्याकडून त्याने दुसरी अपेक्षा ती काय करायची? तेव्हाही ग्रोसमानच्याच वडिलांच्या शब्दाने बर्नच्या पेटंट कचेरीत नोकरीची वाट मोकळी झाली, आणि १९१२ च्या सुमारास सापेक्षतेचे गणित अडले तेव्हा पुन्हा ग्रोसमानकडेच जावे लागले. आइन्स्टाइनने हे ऋण कधी लपवले नाही. तास बुडवणाऱ्या मुलांनी आइन्स्टाइनचे नाव जरूर सांगावे. मात्र आपला ग्रोसमान कोण आणि त्याचे आपण काय फेडतो, हे त्यांना विचारले पाहिजे. आणि वर्गातल्या प्रत्येकाने आइन्स्टाइन व्हायचे ठरवले तर टिपणे कोण काढणार, हेही.

हे विचारण्याला मी जबाब घेणे म्हणतो. परीक्षेला बसू न देणे हा जबाब घेण्याचा प्रकार नव्हे. तो जबाब घेण्याचे टाळण्याचा प्रकार आहे.

येथे लेख संपवून ‘सक्ती नको’ असे म्हणून मी मोकळा झालो असतो. पण एका मुलीने मला तसे मोकळे होऊ दिले नाही. तीही माझीच जुनी विद्यार्थिनी. रंगांची समज चांगली. गावाहून रोज सकाळच्या गाडीने तालुक्याला येते, कला शाखेत आहे. तिच्या भावाला कोणी कधी विचारत नाही की तू रोज कशाला जातोस. तिला विचारतात. सोयाबीन काढणीला माणूस मिळत नाही, घरी पाहुणे आले, आजीला दवाखान्यात न्यायचे, कापूस वेचायचा राहिला. प्रत्येक वेळी पहिली नजर तिच्याकडे जाते. ती म्हणाली, “सर, कुणी ती हजेरीची सक्ती काढा म्हणत असेल तर त्यांना नको म्हणावं. तिच्याच जिवावर मी घरातून निघते. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत, एवढं एकच आमच्या आबांना पटतं. शिकायला जाते म्हटलं तर म्हणतील, घरी बसून वाच की.”

आणि ‘घरी बसून वाच’ याला आता आधारही आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघाले ते ज्यांना वर्गात येणे शक्य नाही त्यांच्यासाठी. कितीतरी पोलिसांना, गृहिणींना, शेतकऱ्यांना त्याने पदवीपर्यंत नेले. माझ्या शाळेतले शिपाई त्याच वाटेने पदवीधर झाले, आणि मी त्यांना पेढे मागितले. पण तेच दार काही घरांत उलट्या बाजूने उघडते. मुलगा रोजच्या महाविद्यालयात जातो. मुलीचे नाव ‘बाहेरून’ घातले जाते. पदवी दोघांनाही मिळेल. एस.टी.च्या खिडकीजवळची जागा, मैत्रिणीबरोबर खाल्लेला वडापाव, ग्रंथालयात पंख्याखाली काढलेली दुपार, ‘मला हे पटत नाही सर’ असे एका अनोळखी मोठ्या माणसाला तोंडावर म्हणण्याचा पहिला प्रसंग, हे सारे एकालाच मिळेल.

एकाच गावची, एकाच शाळेतून निघालेली ही दोन मुले. एकच नियम एकाला खोटे बोलायला लावतो आणि दुसरीला घराबाहेर पडण्यासाठी खरे कारण पुरवतो. नियम चांगला की वाईट असे मला कोणी विचारले तर मी विचारीन, कोणासाठी? मात्र या मुलीच्या बोलण्याने मला नियमाचा कैवार घ्यावासा वाटला असे नाही. तिला जे हवे आहे ते टक्के नव्हेत. ‘ही आमच्या वर्गात असली पाहिजे, नसली तर आम्ही विचारू’ असे तिच्या घरी सांगणारे कोणीतरी तिला हवे आहे. असे सांगणारा माणूस नाही, म्हणून ती नियमाला माणसाच्या जागी उभा करते.

नियमाला माणसाच्या जागी उभे केले की काय होऊ शकते ते दिल्लीत दिसले. २०१६ च्या ऑगस्टमध्ये तेथील एका विधी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याने आत्महत्या केली. हजेरी कमी म्हणून त्याला परीक्षेला बसू दिले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने त्याची दखल घेतली, प्रकरण पुढे दिल्ली उच्च न्यायालयाकडे गेले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या न्यायालयाने असा निकाल दिला की हजेरी भरली नाही एवढ्या कारणाने विधीच्या विद्यार्थ्याला परीक्षेपासून अडवू नये. बार कौन्सिलने आपल्या नियमांचा फेरविचार करावा. मृत्यूची कारणे बाहेरच्याने ठरवू नयेत. माझ्या मनात एकच गोष्ट राहते: एखादा मुलगा येईनासा होतो हीच त्याच्याविषयीची पहिली बातमी असते. माझ्या पटातल्या रिकाम्या चौकटीसारखी. ती बातमी घेऊन कोणी त्याच्या दाराशी जाते, की ती वजाबाकीत मांडली जाते, यावर पुष्कळ अवलंबून आहे.

दिल्लीच्याच जवाहरलाल नेहरू विद्यापीठात २०१८ च्या जानेवारीत हजेरी सक्तीची झाली, तेव्हा विद्यार्थ्यांनी बहिष्कार पुकारला तो तासांवर न पुकारता हजेरीवर पुकारला. हा फरक मला अर्थपूर्ण वाटला. जर्मनीतल्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया प्रांताने २०१४ च्या कायद्याने बहुतेक वर्गांची सक्ती बंद केली आणि २०१९ साली तो निर्बंध उठवून निर्णय पुन्हा विद्यापीठांच्या हाती दिला. म्हणजे त्यांनाही हे एका फटक्यात सुटले नाही. प्रयोगशाळेत हात चालवावा लागतो, परिचारिकेला रुग्णाजवळ उभे राहावे लागते. तेथे हजेरीला पर्याय नाही, याविषयी कोणी वाद घालू नये. माझे म्हणणे व्याख्यानाच्या वर्गांपुरते आहे.

त्या वर्गांत एकोणीस वर्षांच्या मुलाला ‘काल कुठे होतास?’ असे त्याच्या नावाने विचारावे, आणि ‘कंटाळा आला होता’ हे उत्तर त्याला निर्भयपणे देता यावे. ते उत्तर ऐकून मास्तरने विचार करावा. परीक्षेचे दार मात्र बंद करू नये. यावर प्राध्यापक मंडळी मला म्हणतील, मास्तर, तुमच्या वर्गात पन्नास मुले, आमच्याकडे एकशेवीस. हे खरे आहे. आणखी एक खरे आहे, ते मंडळी सहसा बोलत नाहीत. कितीतरी महाविद्यालयांतून जागा वर्षानुवर्षे भरलेल्याच नाहीत. तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या मजुरीवर, शिकवणारे तरुण एक तास या गावी आणि दुसरा त्या गावी घेत फिरतात. विद्यार्थ्याने ७५ टक्के यावे, पण त्याला विचारणारा माणूस त्या इमारतीत किती टक्के असतो, हा रकाना मी कोणत्याही अहवालात पाहिला नाही.

असाच एक तासिकेवरचा मास्तर माझ्या ओळखीचा आहे. माझ्याच हाताखालून गेलेला, मराठी शिकवतो. दुपारी दोनच्या गाडीने त्याला दुसऱ्या महाविद्यालयात जायचे असते. त्याने आपल्या समाधानासाठी एक वही केली आहे. आदल्या तासाला जो आला नव्हता त्याने दुसऱ्या दिवशी तीत एक ओळ लिहायची. काय लिहावे याची सक्ती नाही, आणि खोट्या ओळीला दंड नाही. एस.टी. स्टँडवर चहा पिताना त्याने ती मला दाखवली. ‘आईला तालुक्याच्या दवाखान्यात नेले.’ ‘गाडी आली नाही.’ ‘कापूस.’ ‘कंटाळा.’ ‘कंटाळा.’ ‘तुम्ही मागच्या तासाचेच पुन्हा सांगणार असे वाटले.’ ‘सांगणार नाही.’ या शेवटच्या ओळीच्या मुलाशी तो जिन्यात दोनदा बोलला आहे. काय बोलला ते त्याने मला सांगितले नाही. ‘तुम्ही पुन्हा तेच सांगणार’ या ओळीनंतर आपण धड्याची तयारी बदलली, हे मात्र त्याने सांगितले. सत्र संपताना ही वही बाजूला ठेवून त्याला कार्यालयाच्या तक्त्यात टक्के भरून द्यावे लागतात, आणि ते तो भरतो. त्या वेळात गाडी लागली. चहाचे पैसे मला देऊ न देता तो धावत सुटला, आणि वही बाकावर राहिली म्हणून मीही त्याच्यामागे.